चार इंच

वागळे इस्टेटच्या रोड नंबर बावीसला,
बॅटरीवाल्याच्या डोक्यावरच्या गाळ्यात
मी सव्वीस वर्षं अनसूया येमूलचा हिशोब लिहिला.
आज शेवटची वही बंद करायची आहे,
आणि चार इंचांची नोंद कुठे करावी कळत नाही.

सोलापूरहून आली तेव्हा
तिच्या ट्रंकेत एक चादर होती, आणि बापाची कातर.
सुटलेला धागा हाताने तोडू नये म्हणायची,
कापड लक्षात ठेवतं.
मोजायची तेलुगूत, ओकटी, रेंडु, मूडु,
ओरडायची मराठीत,
आणि भिवंडीच्या शेठशी भाव करायची
अशा हिंदीत की शेठ दर आधीच उतरवायचा.

पहिलं मशीन उल्हासनगरचं, जुनं, पायाचं.
त्यावर परकर. परकरांवर परकर.
नवरा होता, मग नव्हता.
त्या दिवसाची नोंद, माझ्या आधीच्या कुणाच्या अक्षरात:
दीडशे नग, नाडीसकट.

मग गाऊनचे दिवस आले.
दूधवाल्यापुढे गाऊन, गच्चीत गाऊन,
वर ओढणी टाकली की थेट भाजीच्या गाडीपर्यंत गाऊन.
अक्का खिडकीतून बघत राहिली:
एका मुठीत किल्ली, दुसरीत दहाची नोट,
आणि कोथिंबीर निवडायला बोटंच मोकळी नाहीत.

तिने खिसा लावला.
उजवीकडे, शिवणीत लपलेला,
मनगट बुडेल इतका खोल.

जांभळी नाक्याचा व्यापारी म्हणाला,
अक्का, चार इंच कापड जास्त. हजारांनी गुणा.
अंथरूण पाहून पाय पसरावे.
ती म्हणाली, मी पाय पाहून अंथरूण शिवते.
माल परत आला.
दोन वर्षं परत येत राहिला.
ती पानं लाल आहेत;
लाल रिफिल संपल्याची पावतीसुद्धा आहे,
अडीच रुपये.

आणि मग लोकमान्यनगरच्या एका भिशीत
कुणी एक बाई
खिशात हात घालून उभी राहिली.
काही घ्यायला नाही, काही काढायला नाही.
नुसती उभी,
नाक्यावर पुरुष उभे असतात तशी.
बाकीच्या बघत राहिल्या.
सोमवारी अक्काने सहा मशीनं सांगितली.

एकदा फिनलंडची बाई आली, हेल्वी नावाची.
तिचाही कारखाना, कुठल्याशा तळ्याकाठी;
हिवाळाभर भर दुपारीसुद्धा दिवे लावून शिवतात, म्हणाली.
आमच्याकडे दिवेच जातात, म्हणाली अक्का.
मध्ये बसलेल्या एजंटाने दोन्ही अर्धं अर्धं सांगितलं.
हेल्वीने खिशात हात घातला आणि हसली.
मग स्वतःची तर्जनी पुढे केली:
नखातून सुई आरपार गेल्याची जुनी खूण.
अक्काने आपली दाखवली.
एजंटाला त्या वेळी काही काम नव्हतं.

ऑर्डर आली नाही.
तिने दिलेला तुकडा, पांढऱ्यावर काळे,
ताटलीएवढे वेडेवाकडे ठिपके,
माझ्या वहीत चिकटवलेला आहे.
रकाना: नमुना. किंमत: निरंक.

अक्का गेली त्या पहाटे
तिच्या गाऊनच्या खिशात मिळालं:
गाळ्याची किल्ली, खडूचा तुकडा,
एक सेफ्टी पिन, आणि अर्धी सुपारी.
सुपारी ती खात नसे.
कुणाची असेल, मी विचारलं नाही.

मशीनं परवा सरवलीच्या माणसाने नेली.
रिकाम्या गाळ्यात खाली बसून मी गुणाकार केला:
सव्वीस वर्षं, सदतीस लाख नग,
प्रत्येकी चार इंच.
टोकाला टोक जोडून अंथरलं
तर ठाण्यातून निघालेलं कापड
घाट उतरून नाही, चढून,
पुणं, इंदापूर, टेंभुर्णी मागे टाकत
मोहोळपर्यंत जातं.

सोलापूर राहतं.
उरलेलं बत्तीस-तेहतीस किलोमीटर
कुणाकडून येणे आहे,
ते नाव मला लिहिता येत नाही.